दोन आटे

दहावीत क्रेमरची पद्धत मला तोंडपाठ होती.
वर डीएक्स, वर डीवाय, खाली डी.
दोन चलं, चार मार्क.
आता चलं चार हजार एकशे बारा,
शिवडीपासून अँटॉप हिलपर्यंत
जमिनीखालच्या प्रत्येक सांध्याचं एक.
त्या पद्धतीने निघाले असते
तर खालचा डीसुद्धा
माझ्या पेन्शनीत बसला नसता.

मिस्किटा मॅडमना रिटायर व्हायला आठ महिने.
डब्यातला फुगिया मोडत म्हणाल्या,
"इन्व्हर्स काढू नकोस हं.
पुस्तकात लिहितात, ते लिहायला बरं दिसतं म्हणून.
उत्तर हवंय ना? उत्तरच माग.
एका कुलपासाठी
चाव्यांचा कारखाना कशाला घालतेस?"

मी सारणी उघडली. शून्यं.
ज्याचा ज्याच्याशी पाइप नाही
त्याचा त्याच्याशी आकडा नाही.
वाटलं, रिकामं शेत आहे, सरसकट नांगर घालू.
पण एक सांधा लोपला की त्याचे शेजारी
एकमेकांचे शेजारी होतात,
शून्यांच्या जागी आकडे येऊन बसतात
मयताच्या घरी न बोलावता जमलेल्या
भावकीसारखे,
आणि मेमरीचं जेवण पुरत नाही.
"आधी क्रम लाव," मॅडम म्हणाल्या.
"ज्याचं गणगोत थोडं, त्याला आधी जाऊ दे."

इकडून तिकडे जेवढं, तिकडून इकडे तेवढंच;
सारणी आरशासारखी, कर्ण भरभक्कम.
म्हणून चोलेस्की. निम्म्या कष्टात काम.
पाव सेकंद.
उत्तर समीकरणांत परत घालून पाहिलं,
शेष उरला दहाचा उणे नववा घात.
मी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कटिंग पाजला.

त्याच आठवड्यात तक्रार आली:
टेकडीवर, पाच नंबरच्या गल्लीत, नळ कोरडे.
माझ्या पडद्यावर तिथे अकरा मीटर दाब.

पहाटे साडेचार. रघुवीर घाडी, चावीवाले,
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी.
झाकण सरकवलं, तीन आटे फिरवले,
चावीच्या दांड्याला कान लावला.
मग खालचा व्हॉल्व्ह, अर्धा आटा.
मग नाक्यावरचा.
मग परत पहिल्याकडे, पाव आटा मागे.
मी चपलेतला खडा काढत उभी,
आणि एकदम ओळखलं:
हा गाऊस-सायडेल आहे!
नुकतं कळलेलं लगेच वापरायचं,
सगळ्यांसाठी थांबायचं नाही,
हलणं थांबेपर्यंत फिरायचं.
"किती फेऱ्या लागतात?" मी विचारलं.
"तीन. मे महिन्यात चार.
नगरसेवकाचा फोन आला तर मोजत नाय."

पाच नंबरच्या तोंडाशी ते थांबले.
"ह्याचा स्पिंडल कधीच गेला, मॅडम.
दोन आट्यांवर अडकलाय."
माझ्या नकाशात: उघडा.
"कुणाला सांगितलं नाहीत?"
"कुणी विचारलं?"

ऑफिसात येऊन 'उघडा' खोडलं, 'दोन आटे' घातलं.
अकराचे झाले दीड.
शेष? तसाच, दहाचा उणे नववा.
दोन्ही वेळा समीकरणं खूश होती.
चुकून अडीच आटे टाकले तर दीडाचे चार;
एवढ्याशा आकड्यावर
अख्खी टेकडी डुगडुगत होती.
मॅडमनी चष्मा वर केला,
"आता कंडिशन नंबर छाप उत्तराशेजारी.
चाळणीतून किती गळलं
तेही लोकांना दिसू दे."

अहवालात 'पद्धत' असा एक रकाना आहे.
त्यात मी लिहिलं: थेट. चोलेस्की. आधी क्रम.
रोजच्या बदलांसाठी फेऱ्यांची,
सुरुवात कालच्या उत्तरापासून.
रकाना तेवढ्यात भरला.
मग समासात, पेनाने, उभं लिहिलं:
गल्ली पाच, आटे दोन.
मोजणारे, र. घाडी.
टायपिस्टने विचारलं, हे कुठे बसवू?