वाडगं उघडं असताना

केआनेच्या टोकावर समुद्र तिन्ही बाजूंनी
काळ्या लाव्ह्यावर डोकं आपटत असतो,
आणि मध्ये, कुणी पाहुण्यांसाठी चटई अंथरावी तशी
अळूची खाचरं.
कंद कुजतायत, असा फोन होता कार्यालयात.
मी बूट काढले, गुडघाभर चिखलात उतरले
आणि राजापूरच्या आमच्या परसाचा वास आला.
तिथं अळू कुणी लावत नाही,
मोरीच्या सांडपाण्यावर ते आपलं आपण वाढतं.

फॉर्मवर रकाना होता : मातीचा उगम.
हाउनानी आंटीनं चष्मा वर सरकवून वाचला.
म्हणाली, "खांदे."
मी पेन थांबवलं.
"लिही. इथं नुसता दगड होता.
एका सरदाराचं खोऱ्यातल्यांशी वाकडं आलं,
त्यानं माणसांना टोपल्या दिल्या.
दोन वर्षं माती वाहिली, बायका, पोरं, म्हातारे.
असं सांगतात, हं. मी मोजायला नव्हते."

कातळावर माती ओतून भात काढणारे
मीही पाहिलेत.
त्यांना सरदार नव्हता. भूक होती.

तिनं एक रोप हलवून हलवून उपसलं,
कंद कापून घेतला, देठ पुन्हा चिखलात खोचला.
तोच देठ. तिच्या आजीनं खोचलेला,
त्या आजीच्या आजीनंही.
"आकाशाला लेकीपासून पहिलं मूल झालं, ते गेलेलंच.
घराशेजारी पुरलं.
तिथून हा आला, लांब देठाचा, थरथरत्या पानाचा.
मग दुसरं झालं, रडणारं.
त्याला थोरल्याचंच नाव दिलं, हालोआ.
ती आपण माणसं.
धाकट्यानं निगा राखायची, थोरल्यानं जेवू घालायचं.
संपलं."

मी पानावर बोट टेकवलं. थेंब पाऱ्यासारखा पळाला.
तिला सांगितलं, आमच्याकडे म्हणतात,
आयुष्य म्हणजे अळवावरचं पाणी.
"आणि पानाला काय म्हणतात?"
पानाला काही म्हणत नाही, आंटी.
पानाला आम्ही बेसन लावतो,
गुंडाळतो, उकडतो, चकत्या करून तळतो.
"भावाला?" ती म्हणाली,
आणि मग इतकी हसली की चिखलात बसलीच.

रात्री जेवायला ठेवून घेतलं.
क्लेटन लास वेगासहून आला होता,
तिथल्या हॉटेलात पत्ते वाटतो तो.
नाहोआ इथलाच, नखांत चिखल.
एकजण कर्जाचं बोलत होता, एकजण पाटाच्या पाण्याचं,
मग कागदावर कुणाचं नाव,
बापाच्या आजारपणात कोण होतं, कोण नव्हतं,
आवाज चढले, ग्लास सरकले,
मी माझ्या ताटातला मासा फार लक्ष देऊन खात होते.

आंटीनं काही न बोलता
पोईच्या लाकडी वाडग्यावरचं ओलं फडकं काढलं.

दोघं गप्प.
वाक्य अर्ध्यात तसंच लोंबकळत राहिलं.
वाडगं उघडं असताना भांडायचं नाही,
थोरला पंक्तीला बसलेला असतो.
तीन दिवसांचं, आंबट, जांभळट.
बोटं गेली, परत आली, पुन्हा गेली.
समुद्र तेवढा ऐकू येत होता, त्याला कुणी रीत शिकवलेली नाही.
क्लेटननं शेवटी वाडग्याच्या कडा
बोटानं निपटून स्वच्छ केल्या,
लहानपणी शिकवतात तशा.

फडकं परत पडलं
आणि त्यानं वाक्य नेमकं तिथूनच उचललं.

होनोलुलूला येऊन अहवाल लिहिला :
पाणी कोमट, प्रवाह अपुरा, मुळांवर बुरशी.
वरचा ओढा कधीकाळी उसासाठी वळवला,
त्यासाठी रकाना नव्हता.
शेरा म्हणून टाकला, बारीक अक्षरांत.
मातीचा उगम : खांदे.
संगणकानं शब्दाखाली लाल रेघ ओढली.
राहू दिली.