काटा

सव्वीस हंगाम मी काट्यावर बसलो.
गाडी चढते, आकडा नाचतो, थांबतो,
मी बटण दाबतो, पावती निघते.
ऊस, गाडी, बैल, सगळं एका आकड्यात.
मग रिकामी गाडी परत येते, तिचं वजन वजा.
बैल दोन्ही वेळा असतात
म्हणून हिशेबात कुठंच नसतात.

काटा बसवायला आलेला पोरगा म्हणाला होता,
"आकडा स्थिर झाल्याशिवाय पावती निघणार नाही.
जनावर हललं की दहा-वीस किलो इकडंतिकडं होणारच,
थोडं थांबायचं."

जानेवारीतली रात्र. ताकारीकडून गार वारा,
मळीचा वास, गव्हाणीचा खडखडाट.
गाडी नंबर दोनशे बारा.
चढावरच डावा बैल गुडघ्यावर आला
आणि तसाच, जू मानेवर घेऊन,
लोखंडी पत्र्यावर आडवा झाला.

चार हजार तीनशे दहा.
तीनशे वीस.
दहा.
वीस.
नवनाथ सानपनं शेपटी पिरगाळली.
मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आर लाव की!"
मला काचेतून आकडाच दिसत होता.
दहा. वीस. दहा.
बऱ्याच वेळानं कळलं
हा त्याचा श्वास आहे.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं,
आकडा थांबू नये.

बाहेर आलो. जुपण्या सोडल्या.
खांदा आलेला, सोललेला,
वर हळद आणि काळं ऑइल.
"मला काय हाऊस हाय का, सायेब?
गाडी हलकी दिसली की मुकादम आई काढतो."
त्याची बायको रडली नाही.
तिनं पदर भिजवून बैलाच्या नाकपुड्या पुसल्या
आणि म्हणाली, पाखऱ्या, ऊठ बाबा.

दीड वाजता इस्लामपूरहून स्कूटीवर
डॉक्टर शबाना मुजावर आल्या, कानाला स्कार्फ बांधून.
सलाईनची बाटली गाडीतल्याच उसाला टांगली.
रांगेतले शिव्या देत होते,
मग एकेक करून ऊस उतरवायला लागले.
पहाटे तो उठला. पत्र्यावर शेण टाकलं.
डॉक्टर हसल्या. मी ते धुतलं.

वर्गणी काढून नवनाथला दुसरा बैल घेऊन दिला.
म्हणजे एक सोडवला आणि एक जुंपला,
हे मला कळतं.

मग अर्ज लिहिले. सात.
काट्याच्या अलीकडं पाण्याचा हौद असावा.
चढावर मुरूम टाकावा.
दोन टनांवरची बैलगाडी काट्यावर घेऊ नये.
चौथ्या अर्जाला उत्तर आलं, तोंडी:
"चौगुले, तुम्ही ऊस मोजा."
पाचव्याला एक संचालक म्हणाले, बैलांचं मतदान कधी आहे?
सगळे हसले. चहा आणून देणारा पोरगा तेवढा हसला नाही,
त्याचा बाप गाडीवान.

हौद झाला. मुरूम पडला, पहिल्या पावसापर्यंत टिकला.
दोन टनांची पाटी लागली,
पाटीखालून तीन टन जातात.
मी चार गाड्या परत पाठवल्या
तेव्हा माझी बदली पोत्यांच्या गोदामात झाली.
साखरेचं पोतं गप असतं.
आकडा लगेच थांबतो.

पाखऱ्या आता धुळगोंडा पाटलांच्या गोठ्यात आहे.
रविवारी मी सायकलवर जातो, गुळाचा खडा खिशात.
खांद्यावर केस आलेत, पांढरे.
जखम होती तेवढ्याच जागेत.
मला बघितलं की उठतो,
उजवीकडं एका बैलाची जागा सोडून उभा राहतो
आणि मान खाली घालतो.

मी दोन्ही हात दाखवतो. दोर नाही, जू नाही.
तो मान वर घेत नाही.
गूळ तळहातावर तसाच.
थोडं थांबायचं.