मूल्य : योग्य तिथे खूण करा

एसेक्विबोकाठची लाकूडगिरणी. साहेब गेला, मागोमाग तीही.
बॉयलरच्या पोटात वटवाघळं.
जॉर्जटाउनहून बाई आल्या, हातात फॉर्म:
बांधल्याचं साल, मालकाचं नाव,
वारसामूल्य उच्च, मध्यम, नगण्य.
मी बोटवाला, भाड्यापुरता साक्षीदार.

कथबर्ट ला रोझ ओंडक्यावरून उठला नाही.
"लिहा, ग्रीनहार्ट पाण्यात बुडतं.
होडीला बांधून आणायचो.
दोर तुटला की तळाशी,
कधी बांधणाऱ्यासकट.
उरलं त्याचे लंडनच्या गोदीला दरवाजे झाले."

करवतीच्या पात्याचा व्यास?
त्यानं डावा हात पुढे केला.
तीन बोटं.

बाई नदीकडे बघत राहिल्या.
कोऱ्या चहासारखं पाणी,
तळ दिसेना.

'नगण्य' तेवढं खोडलं.
कागद दमट,
पेन पुढे उमटेना.