जागच्या जागी

एकतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये.
सरकलेली शाई, पुसट आकडा, केसाएवढी सुरकुती,
लाल पेन्सिलीची खूण, की ताव बाजूला.
भोंगा झाला की हात धुऊन जेलरोडला, घरी.
साहेब म्हणायचे, गांगुर्डेबाई,
भातातला खडा शोधावा तो तुम्हीच.

आणि डाव्या नडगीवरचा डाग
दोन वर्षं मी बघितला नाही.

म्हणजे बघितला. रोज, आंघोळ करताना.
आधी मसुरीच्या दाण्याएवढा,
मग जुन्या चाराण्याएवढा,
लालसर, वर कोंडा, कडा नकाशासारख्या.
दुखत नव्हता.
दुखत नाही त्याला आपण आजार म्हणत नाही.
मेडिकलवाल्या पोरानं गजकर्णाची ट्यूब दिली,
वन्सं म्हणाल्या, तुळशीचा रस लाव.
मी दोन्ही लावलं.
डाग रुपयाएवढा झाला.

शेवटी कॅनडा कॉर्नरला डॉक्टर अहिरराव.
माझ्या नीलिमाच्या वयाची मुलगी.
आत दिवा असलेलं भिंग घेऊन पायावर वाकली
अगदी तशीच, जशी मी तावावर वाकायचे.
पाय आखडून घ्यावासा वाटला.
आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या पलीकडे.
"तुकडा काढून तपासायला पाठवू."
सुईची मुंगी चावली, पुढचं कळलं नाही.
दाण्याएवढी मी बाटलीत,
बाटलीवर माझं नाव, वय, डावा पाय.

आठ दिवस.
बस द्वारकेच्या चौकात अडकली तेवढ्यात
मनातल्या मनात मी वाटण्या करून टाकल्या:
पाटल्या नीलिमाला, शिवणयंत्र धाकट्या जावेला,
पितळी डब्यांवरून वाद होईल, होऊ दे.

रिपोर्टात कॅन्सर हा शब्द होता.
तो दिसल्यावर पुढची ओळ मी वाचलीच नाही.
मी!
डॉक्टरनंच बोट ठेवलं: इन सिटू.
जागच्या जागी, ती म्हणाली.
कातडीच्या वरच्याच थरात आहे,
खालचा पडदा ओलांडून आत उतरलेला नाही.
ठेवला तसाच तर उतरू शकतो,
म्हणून ठेवायचा नाही.
मी विचारलं, म्हणजे शाई
कागदाच्या मागे उमटलेली नाही?
ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.
"नाही उमटली."

कापून काढता आला असता, गोठवता आला असता,
पण नडगीची जखम भरायला हट्टी, त्यात माझी साखर,
म्हणून मलम. हातमोजा घालून,
डागावर आणि कडेला थोडंसं.
बरं दिसण्याआधी वाईट दिसेल, तिनं बजावलं होतं.
दिसलं. तिसऱ्या आठवड्यात
पाय भाजल्यासारखा, ओला, लालभडक,
रात्री चादरीचं टोक लागलं तरी उठून बसायचे.
वन्सं म्हणाल्या, बघ, जाळलं त्या पोरीनं तुला.
फोन केला तर डॉक्टर म्हणाली, मलम आंधळं नाही,
बिघडलेल्या पेशींनाच जास्त धरतं.
म्हणजे तेही आमच्याच खात्यातलं.
मग मी त्याच्याशी भांडणं सोडलं.

दिवाळीत खपली धरली, तुळशीच्या लग्नाला पडली.
आता तिथं एक फिकट चकती आहे,
गुळगुळीत, बाकीच्या पायाहून तरुण.
प्रेसमध्ये खराब नोट काढली की तिच्या जागी
तारा छापलेली दुसरी घालायचो.
किंमत तीच.
तारा एवढंच सांगतो, इथं कुणीतरी पाहिलं होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.
परत येऊ शकतो, किंवा दुसरीकडे.
एक तारखेला, जुन्या पगाराच्या दिवशी,
मी खिडकीत बसून स्वतःचा ताव तपासते.
पाठीला आरसा लागतो.

काल वन्सं आल्या, पायरीवर बसून
तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
मी म्हटलं, जरा पातळ वर घ्या बघू.
"तुझं आपलं काहीतरीच!"
मी चष्मा पुसला.