सालीवरचा ब

लॉजच्या वहीत 'सोबत' असा एक रकाना होता.
मी तिथं रेघ मारली.
काउंटरवरच्या पोरानं रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"कुणाकडं आलाय?"
कुणाकडं नाही.
"लग्नाला?"
नाही.
"मग डोळ्यांचा डॉक्टर असंल,"
असं त्यानंच ठरवलं आणि किल्ली दिली.
बिनकामाची बाई कुठल्या रकान्यात बसवायची,
मलाही मेहकरहून निघताना सुचलं नव्हतं.

स्टँडवर पाट्याच पाट्या.
चौतीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला,
अक्षरावर रेघ नसली की पाटी परत करायची,
आणि इथं एकाही अक्षराला रेघ नाही.
डोक्यावर नुसती छोटीशी खूण,
रेघ ओढायला घेतली
आणि कुणी हाक मारली म्हणून उठून गेल्यासारखी.
सगळा वर्गच असा. कुणाकुणाची पाटी परत करू?

मग मी शेषा तायडेसारखं केलं.
शेषा चित्र बघून वाचायचा,
चित्रावर मी तळहात ठेवला की गप्प व्हायचा.
गर्दीवरून, रंगावरून,
एका म्हातारीच्या पिशवीवरून
मी बस वाचली आणि चढले.

किल्ला बघायचा होता.
उतरले वडगावात.

घराघरांत माग चालू. भिंतीला हात टेकला
तर भिंतही खटखटत होती.
"एल्लिगे?" एकानं विचारलं. मी गप्प.
"कुठं जाऊलालाय?"
हे माझ्या भाषेतलं होतं, आणि नव्हतं;
बहिणीच्या सासरी स्वयंपाकाला उभं राहिलं की
मीठ सापडतं, पण दुसऱ्याच डब्यात, तसं.
किल्ला म्हटल्यावर तो हसला नाही, फार बरं वाटलं.
"तिसऱ्या गेटाला जावा, तिथनं बस हाय की."
गेले. गेट नव्हतं. पूल होता.
"ह्येच की गेट," केळीवाली म्हणाली,
"पूल काय, आत्ता आलाय."

तिचं नाव दानम्मा. डझनाचा भाव मराठीत,
सुट्ट्या पैशांवरची कुरकुर कन्नडमध्ये.
मी म्हटलं, मला वाचता येत नाही.
आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं हे वाक्य.
तिनं माझा चष्मा बघितला, घड्याळ बघितलं,
तरी विश्वास ठेवला.
एक केळं तोडलं, अंगठ्याच्या नखानं
सालीवर काहीतरी ओढलं.
"ह्ये ब. बाळेहण्णु. बस. बेळगावी.
ह्ये दिसलं की बसा."
मला काहीच दिसलं नाही. पिवळ्यावर पिवळं.

चालत निघाले, केळं उभं धरून.
लोक बघत होते.
शहापुरापर्यंत ओरखडा तपकिरी झाला,
कपिलेश्वराच्या पुलावर पुरता उमटला:
मांडी घालून बसलेलं, वर तोंड उघडं.
आणि मग ते जिकडंतिकडं.
बँकेवर. रंग उडालेल्या एका शटरवर,
बाकी नाव गेलं, हे तेवढं राहिलेलं.
बेकरीवर त्याचं डोकं वेगळं होतं
पण बसायची तऱ्हा तीच,
नवी टोपी घालून आलं म्हणून
पोर ओळखू येत नाही, असं थोडंच असतं?

किल्ला स्टँडपासून दहा मिनिटांवर निघाला.
तोवर अंधार. खंदक दिसला नाही,
बेडकांवरून ऐकला.

सकाळी पुन्हा स्टँडवर. आता मला एक अक्षर येत होतं.
ते सगळ्या येणाऱ्या गाड्यांवर होतं,
पहाटेच कुठून कुठून निघून
मी उभी होते तिथंच येणाऱ्या.
परतायची सोय झाली, म्हटलं;
जायची अक्षरं राहिली.

तेवढ्यात एक गाडी सुटायला लागलेली.
तिच्या पाटीवर पहिलंच: ब.
डोक्यावर टोपी, पायाशी आणखी काही शेपूट,
पण तोच.
कंडक्टर दारात ओरडत होता, "बैलहोंगल, बैलहोंगल."
बैलहोंगलला माझं कुणी नाही. काम नाही.
दानम्मा म्हणाली होती, दिसलं की बसा.

बसले.
"एल्लिगे?"
मी पिशवीतून केळं काढलं, आता पार काळवंडलेलं,
आणि त्याच्यासमोर धरलं.
त्यानं साल वाचली,
तिकीट दिलं.