हवालदार मिस्त्री

भिंतीला कान लावून
आबा गळती शोधायचे,
माझगावला, ताडवाडीत, डॉकयार्डच्या चाळींत.
"गप्प बसा जरा, पाणी बोलतंय."

एकाहत्तरला सॅपर होते.
वाळूत पालथं पडून
संगिनीच्या टोकानं सुरुंग चाचपायचे.
एवढंच आम्हाला ठाऊक.
पुढचं विचारलं
की डावा हात खिशात जायचा,
उरलेल्या तीन बोटांसकट.

रात्री उशीर झाला तर
आम्हा पाचजणांच्या अंथरुणांमधून
पाऊल असं टाकायचे
की आईची बांगडीसुद्धा वाजू नये.

काल त्यांची पिशवी उघडली.
पान्हा, ताग, सफेद्याचा डबा,
आणि वहीत शेवटची नोंद:
"कुलसूमबी, तिसरा माळा. वॉशर बदलला.
नवरा अंथरुणावर. पैसे घेतले नाहीत.
सोमवारी परत जाऊन ऐकणे."

आज सोमवार.