तीन मिनिटांचं रीळ

इरण्णाकाकाचा कॅमेरा,
मिलचा गोरा साहेब विलायतेला जाताना विकून गेलेला.
एका रिळात तीन मिनिटं मावायची.
म्हणून त्यात आम्ही सगळे घाईत.

रेवण सायकलवरनं पडतो, उठतो, हात हलवतो.
चन्नाक्का तोंडाला पदर लावून दाराआड जाते.
कुणीतरी ओढून आणतं. पुन्हा जाते.
कुंपणाची मेंदी गुडघ्याएवढी.
वसाहत इतकी नवी, की मागं नुसता माळ
आणि माळापल्याड चिमणी.

तेव्हा धोतर ताणून बघायचो.
अप्पांच्या गालावर धोतराची घडी पडायची.
आता रेवणच्या पोरानं ते फोनवर आणलंय,
घडी गेली.
अप्पा माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान दिसतात.

अन् मग, बघा,
मध्येच सगळे एकदम उजवीकडं मान वळवतात.
सायकल थांबते.
अप्पा मनगट वर करून घड्याळाला किल्ली देतात.
चन्नाक्का लाजणं विसरून
डबा भरायला आत पळते.

नात म्हणाली, काय झालं आजी? कोण आलं?

भोंगा, म्हटलं. दुपारपाळीचा.
कुठंय? आवाज तर नाही.
आवाज नव्हताच गं त्या कॅमेऱ्याला.
तिनं पुन्हा लावलं,
फोन कानाशी धरला.

मी तेवढ्यात
उजवीकडं बघून घेतलं होतं.
खुंटीला तिचं दप्तर होतं,
बाकी भिंत.